पॅडलटनमध्ये "काहीच होत नाही", तरी तो लागतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इथल्याच, रामबागेतल्या एका मुलाने मित्रांबरोबर पॅडलटन नावाचा पिक्चर पाहिला, चौघांपैकी दोघं मोबाइलमध्ये गेले, एक चक्क झोपला, आणि ह्याला मात्र रात्रभर झोप नाही. तो स्वतः एक वीसेक मिनिटांची शॉर्टफिल्म लिहितोय, इंदूरमध्येच घडणारी, दोन मित्र, त्यातला एक आजारी आणि जाणार. विचारतो की काका, त्या पिक्चरमध्ये काही म्हणजे काही होत नाही तरी तो आत कुठेतरी लागतो, आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये हॉस्पिटल आहे, भांडण आहे, रडणं आहे, गच्चीवरचा मोठा डायलॉग आहे, तरी वाचणारे नुसते "छान आहे" म्हणतात, असं का?

मी एडिटर. लग्नाच्या कॅसेटांपासून सुरुवात केली, मग डॉक्युमेंटऱ्या, संस्थांच्या फिल्म, शॉर्टफिल्म, जे समोर आलं ते कापलं. त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलावरून येईल, समीक्षकाच्या खुर्चीवरून नाही. आणि शेवट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी बघून या, ८९ मिनिटांचा तर आहे.

पिक्चर २०१९ चा. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स लेहमन, लिहिला त्याने आणि मार्क डुप्लासने मिळून, आणि मायकलचं काम डुप्लासनेच केलंय. अँडी म्हणजे रे रोमानो, तोच तो टीव्हीवरच्या एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड मालिकेतला. सनडान्स फेस्टिवलला दाखवला, तीनेक आठवड्यांत २२ फेब्रुवारीला नेटफ्लिक्सवर आला, आणि मग त्या हजारो चौकोनी पोस्टरांच्या गर्दीत जो हरवला तो हरवलाच, आजही आपल्या ग्रुपमध्ये दहा जणांना विचार, नाव ऐकलेला एखादाच निघेल. गोष्ट अशी की मायकल खालच्या मजल्यावर राहतो, अँडी वरच्या. दोघंही एकटे. दोघं मिळून पिझ्झा खातात, तोच तो कुंगफूचा पिक्चर पुन्हा पुन्हा बघतात, आणि स्वतःच काढलेला एक खेळ खेळतात. मायकलला पोटाचा कॅन्सर निघतो, शेवटच्या टप्प्यातला. तो ठरवतो की फार हाल व्हायच्या आधी आपणच थांबायचं, आणि त्यात अँडीने सोबत करायची. औषध देणारं दुकान सहा तासांच्या ड्राइव्हवर आहे, तिथे दोघं जातात, परत येतात, आणि जे ठरलंय ते होतं. बस.

आता "काहीच होत नाही" ह्याचं उत्तर. होतं, पण ते ज्याला होतं त्याचा त्या दुःखावर कागदोपत्री काही हक्क नाही, आणि पिक्चर पूर्णवेळ त्याच माणसाकडे बघत राहतो. अँडी मायकलचा कोण? शेजारी. भाऊ नाही, नवरा नाही, मुलगा नाही. हे तिकडे कॅलिफोर्नियातच आहे असं समजू नकोस. आपल्या इंदूरच्या पेपरात रोज शोक संदेशाचं पान येतं ते नीट बघ. वर फोटो, मग "उठावना आज सायंकाळी अमुक वाजता, अमुक धर्मशाळेत" (उठावना म्हणजे मरणानंतरची शोकसभा), आणि खाली शोकाकुल म्हणून नावांची लांबलचक रांग, पत्नी, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, पुतणे, भाचे, नातवंडं, कधी कधी दुकानाचं नावसुद्धा. मित्र त्या रांगेत नसतो. आपल्या मराठी घरांत सुतकाचंही तसंच, जो चुलत चुलत भाऊ वर्षानुवर्षं फोन करत नाही त्याला भावकी म्हणून सुतक लागतं, आणि जो रोज संध्याकाळी ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, येऊन बसत होता तो दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला. मुक्तिधामला, म्हणजे स्मशानात, मात्र सगळ्यात पुढे तोच, खांदा द्यायला तो, पावती फाडायला तो, गुरुजींना फोन लावायला तो, आणि तेराव्याचं जेवण झालं की त्या घरात जायला त्याच्याकडे काही कारण उरत नाही. वहिनी "येत जा हं" म्हणतात. तो दोनदा जातो, मग नाही जात. केनेथ डोका नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये ह्याच विषयावर पुस्तक काढलं, की काही दुःखांना समाज दुःख म्हणून मोजतच नाही. पण ते पुस्तक वाचायच्या आधी तू एखाद्या उठावन्यात मागच्या रांगेत जाऊन बस, तिथे असा एक माणूस दिसेलच.

तुझी स्क्रिप्ट नेमकी इथे हुकते. तुझा मित्र भावासारखा रडतो, भावासारखा भांडतो, डॉक्टरशी भावासारखा बोलतो. म्हणजे तू मित्राची गोष्ट भावाच्या कपड्यात घातलीस, आणि भावाची गोष्ट आपण शंभरदा पाहिलेली आहे.

ह्यात थोडा दोष आनंद पिक्चरचाही आहे. १९७१ चा तो पिक्चर इतका खोल बसलाय की मित्र मरणार म्हटलं की आपोआप हसतमुख पेशंट, कळवळणारा मित्र आणि शेवटी टेपरेकॉर्डरमधून आवाज. मला आनंद मनापासून आवडतो, दरवेळी रडतो, उगाच कशाला लपवू. पण तिथे मरणारा बोलका आहे, सगळं सुंदर शब्दांत सांगून जातो, आणि लिहिणाऱ्याला ती सोय फार मोठी असते. पॅडलटनमध्ये दोघंही बोलण्यात कच्चे. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं. जे बोलायचंय ते सोडून बाकी सगळं बोलतील, कुंगफूच्या पिक्चरवर तावातावाने वाद घालतील, रस्त्यात फालतू गोष्टीवरून खुसपट काढतील, आणि मधल्या फटीतून जे निसटतं ते तेवढंच.

ह्यातला सगळ्यात भारी प्रकार म्हणजे तिजोरी. औषध घेतल्यावर अँडी काय करतो, तर एक छोटी तिजोरी विकत घेतो, लहान मुलांच्या खेळण्यातली, आणि औषध त्यात बंद करून टाकतो. उघडायचं गुपित त्याच्याकडे. वरवर कारण सुरक्षिततेचं, पण बघणाऱ्याला लख्ख कळतं की हा माणूस "नको जाऊस" म्हणतोय, फक्त त्याला ते म्हणता येत नाहीये. आणि ती वस्तू इतकी हास्यास्पद आहे की आपण हसतो, मायकल मात्र चिडतो, आणि चिडायचा त्याला पूर्ण हक्क आहे कारण शरीर त्याचं, निर्णय त्याचा. एका प्लास्टिकच्या खोक्यावरून दोघांची जी जुंपते ते पिक्चरमधलं खरं भांडण. तुझ्या गच्चीवरच्या सीनमध्ये दीड पान डायलॉग आहे आणि हातात वस्तू एक नाही. दोन मोकळे हात असलेली माणसं समोरासमोर उभी राहून भावना सांगायला लागली की टेबलावर मला कापायला जागाच सापडत नाही, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नसतं.

खेळाचंही तसंच. बंद पडलेल्या ड्राइव्ह-इन थिएटरच्या पडद्याच्या पाठीवर रॅकेटने बॉल मारायचा आणि तो परत येताना पिंपात पडला पाहिजे, एवढाच खेळ. अत्यंत बिनडोक. पण बिनडोक आहे म्हणूनच तो फक्त ह्या दोघांचा आहे, तिसऱ्या कुणाला त्याचे नियमही माहीत नाहीत, आणि एक गेला की तो खेळच संपला. बायको गेली तर संसार गेला असं लोक म्हणतात, मित्र गेला की हे असलं काहीतरी जातं, ज्याचं कुणाला सांगितलं तर हसतील. एडिटर म्हणून सांगतो, असा नेहमीचा कार्यक्रम एकदा सुरुवातीला निवांत दाखवून ठेवला की पुढे तुला काहीच समजावून सांगावं लागत नाही. तीच जागा, तीच दोन माणसं, फक्त एकाला दम लवकर लागतोय, प्रेक्षक स्वतःच हिशोब करतो. म्हणून पहिल्या वेळी घाई करायची नाही, तिथे एक मिनिट जास्त गेलं तरी चालेल, ते पुढे व्याजासकट परत मिळतं.

तुझ्या दोघांना तू "लहानपणापासूनचे मित्र" म्हणून सोडून दिलंयस आणि फ्लॅशबॅकमध्ये चिमणबागेत क्रिकेट. फ्लॅशबॅक काढ. आता, आजारपणाच्या आधीच्या आठवड्यात, ते दोघं रोज काय करतात ते मला सांग. थंडीत रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन एकच प्लेट गराडू (तळलेला, मसाला मारलेला कंद) दोघांत घेतात आणि मसाला जास्त की कमी ह्यावर दरवेळी तोच वाद घालतात? ओटल्यावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, एक वाचतो आणि दुसरा भरतो? काहीही चालेल, फक्त ते खूप साधं पाहिजे आणि थोडं मूर्खपणाचं पाहिजे. (आणि कोडं घेतलंस तर शेवटी अर्धं राहिलेलं कोडं दाखवू नकोस भिया, तो शॉट जगातल्या प्रत्येक माणसाला सुचतो.)

औषधाचा भाग मात्र उचलू नकोस. तुझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मित्रच त्याला "सोडवतो" असं काहीतरी दिसलं, ते वाचून मी दचकलो. पॅडलटनमधली गोष्ट तिथल्या कायद्याच्या आत घडते. कॅलिफोर्नियात हा कायदा जून २०१६ पासून लागू आहे, सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं निदान लागतं, दोन डॉक्टर लागतात, पेशंट शुद्धीत आणि स्वतः निर्णय घेण्याजोगा लागतो, आणि औषध त्याने स्वतःच घ्यायचं असतं. आपल्याकडे असं काही नाही. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ च्या निकालात जे मान्य केलं ते वेगळं, की बरा होण्याची आशा नसलेल्या पेशंटचे कृत्रिम उपचार ठरलेल्या पद्धतीने थांबवता येतात आणि माणूस आधीच तशी इच्छा लिहून ठेवू शकतो. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया थोडी सोपी केली. पण मित्राने औषध आणून देणं हा इथे सरळ गुन्हा आहे, आणि मग तुझी फिल्म मैत्रीची न राहता कोर्टकचेरीची होईल. शिवाय खरं सांगू का, इंदूरमध्ये त्याची गरजच नाही, इथलं नाट्य वेगळ्याच ठिकाणी आहे.

ते कुठे, तर गर्दीत. अँडी आणि मायकल दोघंच आहेत, त्यांच्यामध्ये कुणी येत नाही, म्हणून त्यांचं दुःख रिकाम्या खोल्यांचं. आपल्याकडे माणूस आजारी पडला की घर भरतं. पुण्याहून मेहुणा येतो, ग्वाल्हेरची आत्या येते, कुणी काढा आणतं, कुणी अंगारा, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरचा गव्हांकुराचा रस. आणि ह्या सगळ्यात मित्राला त्याच्याशी पाच मिनिटं एकट्याने बसायला मिळत नाही. मी हे एका हॉस्पिटलच्या गेटवर बघितलंय, नाव कशाला घेऊ. तिथे पेशंटमागे अटेंडंटचा पास एकच. तो पास सकाळी कुणाकडे असणार ह्याची घरात चर्चा होते, आणि तो अर्थातच मेहुण्याकडे जातो कारण तो लांबून आलाय. मित्र रोज येतो, थर्मासमध्ये चहा आणतो, गार्डच्या खुर्चीशेजारी उभा राहतो, वरून कुणी उतरलं की विचारतो, "काय म्हणतोय?" वरून उत्तर येतं, "झोपलाय." थर्मास वर जातो, संध्याकाळी रिकामा खाली येतो. तो धुऊन परत दुसऱ्या दिवशी. गार्ड त्याला नावाने ओळखायला लागला होता, घरचे मात्र अजून "ते ह्यांचे मित्र" म्हणत होते.

हा सीन लिही. ह्यात कुणीही वाईट नाही, मेहुणासुद्धा नाही, तो रात्रभर जागतोय बिचारा. कुणी ओरडत नाही. पण मित्राची जागा कुठे आहे ते त्या एका पासावरून कळतं आणि तुझा गच्चीवरचा दीड पानी डायलॉग आपोआप रद्द होतो. मग एखाद्या दुपारी मेहुणा जेवायला बाहेर जातो आणि पास खिशातून काढून ह्याच्या हातात देतो, अर्ध्या तासासाठी. त्या अर्ध्या तासात हे दोघं काय बोलतील? माझं मत, गराडूच्या मसाल्याबद्दल. पण ते तू ठरव, ती तुझी माणसं आहेत.

अजून दोन पिक्चर बघ, ह्याच कामासाठी. एक कॅसावेटिसचा हसबंड्स, १९७० चा. चार मित्र, त्यातला एक अचानक मरतो, उरलेले तिघं नुसते सैरभैर होतात, दारू पितात, बास्केटबॉल खेळतात, थेट लंडनला निघून जातात. लांब आहे, मध्येमध्ये असह्य आहे, बायकांशी ते ज्या पद्धतीने वागतात ते बघवत नाही, आणि मला वाटतं त्याचा दिग्दर्शकाला पुरेसा राग येत नाही. पण सुरुवात बघ. मेलेला मित्र आपल्याला फक्त स्थिर फोटोंमध्ये दिसतो, चौघं एकत्र, दंगा करताना, आणि मग सरळ अंत्ययात्रा. त्याचा एकही हलता सीन नाही. एडिटर म्हणून मी ह्याच्यापुढे हात जोडतो, कारण मित्र कसा होता हे दाखवण्याचा मोह आवरला की तो कसा नाहीये हे आपोआप दिसतं.

दुसरा केली रायकार्टचा ओल्ड जॉय, २००६ चा, सव्वा तासाचा. ह्यात कुणी मरतच नाही. दोन जुने मित्र, एक लवकरच बाप होणार आहे आणि दुसरा अजून तसाच भटक्या, ओरेगॉनच्या जंगलात गरम पाण्याच्या झऱ्यावर एका रात्रीसाठी जातात आणि परत येतात. मैत्री संपलेली आहे, दोघांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. रायकार्टने एडिटिंगही स्वतःच केलंय आणि ते कळतं, गाडीच्या काचेतून बाहेर बघणं किती वेळ चालू ठेवायचं ह्याचा तिचा अंदाज जबरदस्त आहे. आपल्याकडे शॉर्टफिल्मवाले गाडीतून बाहेर बघण्यावर गिटार टाकतात. ती रेडिओवरची राजकारणाची बडबड चालू ठेवते, आणि बाप होणारा मित्र एकटा गाडी चालवत ती ऐकत बसतो. बघ, जमलं तर दोनदा बघ.

आता शूटिंगच्या आणि टेबलावरच्या गोष्टी, कारण तू विचारलंयस की शांतता किती ठेवायची. मोजमाप नाही. पण नियम सांगतो, शांतता दोन डायलॉगच्या मध्ये लागत नाही, ती चुकीच्या डायलॉगनंतर लागते. एकाने काहीतरी फालतू विनोद केला, दुसरा हसला नाही, तिथे थांब, कापू नकोस, हसू न येणाऱ्या चेहऱ्यावर राहा. आणि बोलणाऱ्याचा चेहरा दाखवायची सवय सोड. आवाज ह्याचा, चित्र त्याचं, म्हणजे एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडावर पडू दे. मैत्रीच्या सीनमध्ये ऐकणारा जास्त महत्त्वाचा असतो, अँडीचे निम्मे सीन रोमानो ऐकतो म्हणून उभे राहतात. त्यासाठी शूटिंगला दोघांचे पूर्ण टेक घे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, "तुझी लाइन झाली, कट" असं नको. प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेव, पंखा, लिफ्ट, रस्त्यावरची कचऱ्याची गाडी आणि तिचं गाणं, सगळ्यांना गप्प करून. ते नसेल तर तुझी शांतता टेबलावर भोक पडल्यासारखी ऐकू येते आणि मग घाबरून तू म्युझिक टाकशील.

डायलॉग पाठ करून घेऊ नकोस. लेहमन आणि डुप्लास दोघांना आयत्या वेळच्या बोलण्याची सवय आहे, आधीचा त्यांचा २०१६ चा ब्लू जेही तसाच. पण त्याला मुरलेले नट लागतात, आणि नवखे नट आयत्या वेळी मनचं बोलायला लागले की प्रत्येक वाक्य "यार"ने सुरू होतं. तू मधला रस्ता घे. सीनमध्ये काय लपवायचंय ते प्रत्येकाला वेगवेगळं, कानात सांग, आणि बोलायला दुसराच विषय दे. आणि बोली इथलीच असू दे. तुझी दोघं पन्नाशीची, इंदूरची मराठी माणसं, ती घरात मराठी आणि ओटल्यावर आले की अर्धी हिंदी बोलणार, "अरे चल ना, निकलते हैं" म्हणणार आणि पुढचं वाक्य मराठीत. तू त्यांना सदाशिव पेठेतली मराठी दिलीयस. सानंदच्या, म्हणजे इथल्या मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेच्या, नाटकाला येणारे आजोबासुद्धा इंटरव्हलमध्ये असं बोलत नाहीत.

शेवटाबद्दल. पॅडलटनमध्ये मायकल गेल्यावर पिक्चर लगेच संपत नाही, खालच्या घरात नवीन बिऱ्हाड येतं, एक बाई आणि तिचा लहान मुलगा, आणि अँडी त्या मुलाशी खेळाबद्दल बोलतो. काही लोकांना हा शेवट गोड वाटतो, मलाही पहिल्यांदा जरा जास्त वाटला होता, पण त्यात एक गोष्ट बरोबर आहे की तो मायकलबद्दल कुणाशी बोलू शकत नाही, खेळाबद्दल बोलू शकतो. तुझ्या शेवटी मित्र मुक्तिधामात एकटा उभा राहून आकाशाकडे बघतो. तो शॉट मी कापणार, आधीच सांगून ठेवतो. त्याऐवजी उठावन्याला त्याला काहीतरी काम दे, चपला सांभाळणं असेल, पाण्याचे ग्लास असतील, लोकांना "हात धुवायला तिकडे" सांगणं असेल, आणि तिथे मेहुणा त्याला कुणाला तरी ओळख करून देतो, काय म्हणून करून देतो ते तू लिही.

तिसरा ड्राफ्ट पाठव, पण वीस मिनिटांचा नको, बाराचा. गच्ची, फ्लॅशबॅक आणि औषध काढलंस की तेवढाच उरेल.